मातृसंस्था, प्रशिक्षक आणि वर्णभेद : पॉल ब्रायंट यांच्या अलाबामा विद्यापीठातील कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास (१९५८–१९८२)

प्रस्तावना

शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना संस्थापक, कुलगुरू, प्राचार्य आणि नामवंत प्राध्यापक यांचा विचार प्रामुख्याने होतो. क्रीडाप्रशिक्षकाचे नाव फार तर गौरवग्रंथाच्या शेवटच्या पानांत येते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र विसाव्या शतकात वेगळे चित्र दिसते. तेथे अनेक विद्यापीठांची सार्वजनिक ओळख फुटबॉल संघामुळे घडली आणि प्रशिक्षकाला कधीकधी कुलगुरूपेक्षा, एवढेच नव्हे तर राज्याच्या गव्हर्नरपेक्षाही अधिक लोकमान्यता लाभली. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक पॉल ब्रायंट हे याचे ठळक उदाहरण होय. ज्या विद्यापीठात ते विद्यार्थी आणि खेळाडू होते, त्याच विद्यापीठात १९५८ ते १९८२ असे सलग २५ मोसम ते मुख्य प्रशिक्षक होते. हाच काळ अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचा आणि दक्षिणेतील वर्णविभक्त शिक्षणव्यवस्था मोडून पडण्याचाही होता.

माजी विद्यार्थी जेव्हा आपल्याच संस्थेत सर्वाधिक प्रभावी व्यक्ती बनतो, तेव्हा संस्थेवरील त्याची निष्ठा परिवर्तनाला साहाय्यभूत ठरते की अडसर, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. ब्रायंट यांच्याविषयी विपुल आख्यायिका प्रचलित आहेत. त्यांतील एका महत्त्वाच्या आख्यायिकेची कालक्रमाच्या आधारे तपासणी करणे, हाही या निबंधाचा हेतू आहे.

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचे स्वरूप

आपल्याकडे ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्याहून अमेरिकन फुटबॉल भिन्न आहे. प्रत्येकी ११ खेळाडूंच्या दोन संघांत, लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकून प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे नेण्याचा हा अंगमेहनतीचा व धडकीचा खेळ आहे. विद्यापीठांचे सामने शरद ऋतूत, बहुधा शनिवारी होतात. त्या काळी निवडक खेळाडूंना शिक्षण, निवास व भोजन यांचा खर्च भागविणारी क्रीडा शिष्यवृत्ती मिळे. मोसमाच्या अखेरीस, नववर्षाच्या सुमारास, उत्तम संघांना 'बाउल' नावाच्या निमंत्रित सामन्यांत बोलावले जाई. राष्ट्रीय विजेता मात्र अंतिम सामन्याने ठरत नसे. पत्रकारांचे आणि प्रशिक्षकांचे अशी दोन स्वतंत्र मतदाने होत व त्यांतून क्रमवारी ठरे. त्यामुळे मैदानावरील कामगिरीइतकेच विद्यापीठाच्या प्रतिमेलाही महत्त्व होते.

अलाबामा विद्यापीठ १८३१ मध्ये टस्कालूसा येथे सुरू झाले. १ जानेवारी १९२६ रोजी या विद्यापीठाच्या संघाने कॅलिफोर्नियातील रोझ बाउल सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाचा २०–१९ असा पराभव केला. यादवी युद्धातील पराभवाची आणि दारिद्र्याची सल उरात बाळगणाऱ्या दक्षिणेला हा विजय संपूर्ण प्रदेशाचा विजय वाटला. फुटबॉल आणि प्रादेशिक अस्मिता यांची सांगड येथे पक्की झाली. ब्रायंट यांच्या वाट्याला आलेल्या लोकप्रियतेचे मूळ या सांगडीत आहे.

जडणघडण : विद्यार्थी आणि खेळाडू

पॉल ब्रायंट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९१३ रोजी आर्कन्सॉ राज्यातील मोरो बॉटम या वस्तीत, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. बारा भावंडांत ते अकरावे. किशोरवयात फोर्डाइस गावी आलेल्या खेळवाल्याच्या अस्वलाशी त्यांनी कुस्ती केली आणि तेव्हापासून 'बेअर' म्हणजे अस्वल हे टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले. १९३१ मध्ये ते टस्कालूसा येथे आले. शेतावरच्या मुलाला उच्च शिक्षणाचे दार उघडले ते फुटबॉलने. ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

प्रशिक्षक फ्रँक थॉमस यांच्या हाताखाली १९३३ ते १९३५ या मोसमांत ते खेळले. त्याच संघात डॉन हटसन हा असामान्य खेळाडू होता. हटसन एका टोकाला खेळे, तर ब्रायंट 'दुसऱ्या टोकाचे' खेळाडू म्हणून ओळखले जात. १ जानेवारी १९३५ रोजी रोझ बाउलमध्ये स्टॅनफर्डवर २९–१३ असा विजय मिळविणाऱ्या संघाचे ते सदस्य होते. १९३५ मध्ये टेनेसीविरुद्ध ते पायाचे हाड मोडलेले असतानाही खेळले. वेदना सोसून उभे राहणे हा त्यांच्या दृष्टीने गुण होता आणि पुढे आपल्या खेळाडूंकडूनही त्यांनी हीच अपेक्षा केली. १९३६ ते १९३९ या काळात त्यांनी मातृसंस्थेतच साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केले.

पूर्वकारकीर्द आणि मातृसंस्थेत पुनरागमन

व्हँडरबिल्ट विद्यापीठातील साहाय्यकपद आणि दुसऱ्या महायुद्धातील नौदलाची सेवा यांनंतर १९४५ मध्ये मेरिलँड विद्यापीठात ते प्रथम मुख्य प्रशिक्षक झाले. तेथील अध्यक्षांनी संघाच्या कारभारात हस्तक्षेप केल्यामुळे एकाच मोसमानंतर त्यांनी ते पद सोडले. १९४६ ते १९५३ या काळात त्यांनी केंटकी विद्यापीठाच्या संघाला प्रतिष्ठा मिळवून दिली. १ जानेवारी १९५१ रोजीच्या शुगर बाउल सामन्यात केंटकीने ओक्लाहोमाची सलग ३१ विजयांची मालिका खंडित केली.

१९५४ मध्ये ते टेक्सास ए. अँड एम. येथे गेले. तेथे जंक्शन या गावी भरविलेले सराव शिबिर त्यांच्या कारकिर्दीतील वादग्रस्त प्रकरण आहे. अवर्षणाच्या कडक उन्हाळ्यात, पुरेसे पाणी न देता घेतलेल्या सरावाला कंटाळून बहुसंख्य खेळाडू शिबिर सोडून गेले. त्या मोसमात संघाला एकच सामना जिंकता आला व नऊ गमवावे लागले. १९५६ मध्ये याच संघाने आपल्या विभागाचे अजिंक्यपद मिळविले, म्हणून हे शिबिर पुढे शौर्यकथा बनले. परंतु यशाने साधनांचे समर्थन होत नाही. खेळाडू मिळविताना झालेल्या नियमभंगाबद्दल १९५५ मध्ये या विद्यापीठावर कारवाई झाली होती, हेही विसरता येत नाही.

दरम्यान अलाबामाची अवस्था दयनीय झाली होती. १९५५ ते १९५७ या तीन मोसमांत संघाला केवळ ४ विजय मिळाले. २४ सामन्यांत पराभव झाला आणि २ अनिर्णित राहिले. विद्यापीठाने ब्रायंट यांना पाचारण केले. टेक्सास सोडण्याचे कारण सांगताना, आईने हाक दिली की जावेच लागते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. मातृसंस्था या संकल्पनेचा इतका थेट उच्चार क्रीडाविश्वात क्वचितच झाला असेल. मात्र हे पुनरागमन निव्वळ भावनिक नव्हते. मुख्य प्रशिक्षकपदाबरोबरच क्रीडा संचालकपदही त्यांच्याकडे आले. मेरिलँडमध्ये जे स्वातंत्र्य मिळाले नव्हते, ते मातृसंस्थेने त्यांना पूर्णांशाने दिले.

यशाचा पहिला कालखंड (१९५८–१९६६)

१९५८ मध्ये संघाने ५ सामने जिंकले, म्हणजे मागील तीन मोसमांतील एकूण विजयांपेक्षा अधिक. १९५९ पासून संघ प्रतिवर्षी बाउल सामन्यात खेळू लागला आणि ही परंपरा १९८२ पर्यंत सलग २४ वर्षे अखंड राहिली. १९६१ मध्ये सर्व ११ सामने जिंकून संघ राष्ट्रीय विजेता ठरला. त्या संपूर्ण मोसमात प्रतिपक्षांना मिळून फक्त २५ गुण करता आले. १९६४ व १९६५ मध्येही राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले. शिस्तीबाबत ते कठोर होते. १९६३ च्या अखेरीस नियम मोडल्याबद्दल जो नेमथ या आपल्या सर्वोत्तम खेळाडूला त्यांनी मोसमाच्या उर्वरित सामन्यांतून वगळले.

याच काळात त्यांच्या प्रतिष्ठेवर गंभीर आघात झाला. १९६२ मध्ये अलाबामाने जॉर्जियाचा ३५–० असा पराभव केला होता. मार्च १९६३ मध्ये 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकाने, हा सामना जॉर्जियाचे क्रीडा संचालक वॉली बट्स आणि ब्रायंट यांनी संगनमताने ठरविला होता, असा आरोप केला. दोघांनीही अब्रुनुकसानीचे दावे लावले. ब्रायंट यांनी ३ लाख डॉलर घेऊन तडजोड केली. बट्स यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. सार्वजनिक व्यक्तींची अब्रू आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य यांच्या मर्यादा ठरविणारा हा निकाल अमेरिकन विधिशास्त्रात आजही महत्त्वाचा मानला जातो.

गौरवाची दुसरी बाजू : वर्णविभक्त संघ

हा सर्व पराक्रम केवळ गोऱ्या खेळाडूंच्या संघाचा होता. १९५६ मध्ये ऑथरिन ल्यूसी या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने न्यायालयाच्या आदेशाने अलाबामा विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु जमावाच्या हिंसक विरोधानंतर विद्यापीठाने तिलाच आधी निलंबित केले आणि नंतर काढून टाकले. ११ जून १९६३ रोजी व्हिवियन मलोन व जेम्स हूड यांच्या प्रवेशाच्या वेळी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः विद्यापीठाच्या दारात आडवे उभे राहिले. अखेर केंद्र सरकारच्या हस्तक्षेपामुळे त्यांना बाजूला व्हावे लागले. वर्गाचे दार त्या दिवशी उघडले. फुटबॉलच्या मैदानाचे दार उघडण्यास मात्र आणखी अनेक वर्षे लागली.

ब्रायंट यांचा संघ मिश्रवर्णीय संघांशी खेळण्यास तयार होता. डिसेंबर १९५९ मध्ये फिलाडेल्फिया येथील लिबर्टी बाउलमध्ये तो कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या पेन स्टेटविरुद्ध खेळला व ०–७ असा हरला. १९६१ च्या अखेरीस रोझ बाउलच्या निमंत्रणाची चर्चा सुरू होताच लॉस एंजेलिसमध्ये वर्णविभक्त संघाला विरोध झाला आणि अलाबामाला शुगर बाउलकडे वळावे लागले. १९६६ मध्ये सर्व ११ सामने जिंकूनही संघ मतदानात तिसरा राहिला. या निर्णयामागे राज्याच्या वर्णद्वेषी प्रतिमेचा वाटा होता, असे काही अभ्यासकांचे मत आहे. वर्णभेदाची किंमत आता खुद्द संघालाही मोजावी लागत होती.

याच सुमारास त्यांच्या विभागातील इतर विद्यापीठे पुढे गेली. १९६७ मध्ये केंटकीच्या आणि १९६८ मध्ये टेनेसीच्या संघातून कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरले. अलाबामात १९६७ मध्ये काही कृष्णवर्णीय विद्यार्थी शिष्यवृत्तीविना, स्वेच्छेने वसंत ऋतूतील सरावात सहभागी झाले. तथापि त्यांपैकी कोणीही अंतिम संघापर्यंत पोहोचला नाही.

ब्रायंट हे स्वतः कडवे वर्णद्वेष्टे नव्हते, वॉलेस यांच्या राजकारणामुळे त्यांचे हात बांधलेले होते, असे त्यांचे चाहते सांगतात. या युक्तिवादात काही तथ्य आहे. परंतु १९६१ नंतर राज्यात त्यांच्या शब्दाला जे वजन होते, ते पाहता हा युक्तिवाद अपुरा वाटतो. ज्याला नकार देण्याचे धाडस विद्यापीठात कोणालाही नव्हते, त्याने या प्रश्नावर आपले वजन खर्च केले नाही, ही वस्तुस्थिती उरते.

एका आख्यायिकेची तपासणी

१२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅम येथील लीजन फील्ड मैदानावर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने अलाबामाचा ४२–२१ असा दणदणीत पराभव केला. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्ड धाव घेतली व दोन टचडाउन केले. या एका संध्याकाळी अलाबामाच्या गोऱ्या प्रेक्षकांचे डोळे उघडले आणि त्यानंतर ब्रायंट यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले, अशी कथा पुढे रूढ झाली. ब्रायंट यांनी हा सामना मुद्दामच जुळवून आणला होता, अशीही पुस्ती तिला जोडली जाते.

कालक्रम या कथेला दुजोरा देत नाही. १९६९ मध्ये बास्केटबॉल प्रशिक्षक सी. एम. न्यूटन यांनी वेंडेल हडसन या खेळाडूला निवडले. विद्यापीठाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होय. त्याच वर्षी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने, फुटबॉल संघात आपल्याला डावलले जाते म्हणून ब्रायंट आणि विद्यापीठ यांच्याविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. यू. डब्ल्यू. क्लेमन हे त्यांचे वकील होते. वर्षाच्या अखेरीस विल्बर जॅक्सन याची फुटबॉल शिष्यवृत्तीसाठी निवड झाली. म्हणजे कनिंगहॅमच्या पराक्रमाच्या कित्येक महिने आधीच जॅक्सन अलाबामाचा झालेला होता. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळण्यास त्या काळी नियमाने मनाई असल्यामुळे त्या दिवशी तो मैदानात उतरू शकला नाही, इतकेच.

त्या सामन्याचे महत्त्व यामुळे शून्य होत नाही. घेतलेल्या निर्णयाला लोकमताची मान्यता मिळण्यास त्याची मदत झाली असणे शक्य आहे. पण निर्णयाचे श्रेय एका पराभवाला आणि एका प्रशिक्षकाच्या दूरदृष्टीला दिले, की दावा लावणारे विद्यार्थी, त्यांचे वकील आणि शिष्यवृत्तीविना सरावाला आलेले खेळाडू इतिहासातून पुसले जातात. आख्यायिकेचा खरा दोष हा आहे.

परिवर्तनानंतरचा संघ (१९७१–१९८२)

१९६९ मध्ये ६ विजय व ५ पराभव, तर १९७० मध्ये ६ विजय, ५ पराभव व १ अनिर्णित, अशी संघाची घसरण झाली होती. ५७ वर्षांच्या ब्रायंट यांचे दिवस संपले, असे बोलले जाऊ लागले. १९७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी टेक्सास विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्याकडून 'विशबोन' ही नवी आक्रमणपद्धती समजून घेतली. सूत्रधार खेळाडूच्या मागे तीन धावपटू उभे करणाऱ्या या पद्धतीचा सराव त्यांनी गुप्तपणे करून घेतला. १० सप्टेंबर १९७१ रोजी लॉस एंजेलिस येथे सदर्न कॅलिफोर्नियाचा १७–१० असा पराभव करून संघाने मागील वर्षाची परतफेड केली. त्याच सामन्यात जॉन मिचेल हा अलाबामाच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. आयुष्यभर जपलेली पद्धती उतारवयात बदलण्याची तयारी ही ब्रायंट यांची मोठी शक्ती होती. संघाची रचना आणि संघाचा वर्ण हे दोन्ही एकाच मोसमात बदलले, ही बाब लक्षणीय आहे.

१९७१ ते १९७९ या नऊ मोसमांत संघाने ९७ सामने जिंकले व केवळ ११ गमावले. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विभागाचे अजिंक्यपद आठ वेळा, तर १९७३, १९७८ व १९७९ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले. मिचेल १९७२ मध्ये सहकर्णधार झाला आणि १९७३ मध्ये ब्रायंट यांनी त्याची साहाय्यक प्रशिक्षक म्हणून नियुक्ती केली. टस्कालूसाचाच रहिवासी असलेला सिल्व्हेस्टर क्रूम १९७४ मध्ये संघाच्या कर्णधारांपैकी एक होता. पुढे २००३ च्या अखेरीस मिसिसिपी स्टेटने त्यांची निवड केली, तेव्हा या विभागातील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले.

तरीही परिवर्तनाच्या सीमा होत्या. अलाबामाच्याच हंट्सविल शहरातील कॉन्ड्रेज होलोवे या गुणी खेळाडूला सूत्रधाराच्या जागी खेळायचे होते. कृष्णवर्णीय सूत्रधार स्वीकारण्यास अलाबामा अद्याप तयार नाही, असे ब्रायंट यांनी आपल्याला स्पष्ट सांगितल्याचे होलोवे यांनी नमूद केले आहे. ते टेनेसीला गेले आणि १९७२ पासून तेथे त्याच जागी खेळले.

विक्रम, निवृत्ती आणि निधन

२८ नोव्हेंबर १९८१ रोजी ऑबर्न या पारंपरिक प्रतिस्पर्ध्यावर २८–१७ असा विजय मिळवून ब्रायंट यांनी कारकिर्दीतील ३१५ वा विजय नोंदविला आणि अमोस अलोन्झो स्टॅग यांचा विक्रम मागे टाकला. १९८२ च्या मोसमाअखेरीस मात्र संघाला सलग तीन पराभव पत्करावे लागले. आपल्या खेळाडूंना याहून चांगले मार्गदर्शन मिळायला हवे, अशी भूमिका घेऊन १५ डिसेंबर १९८२ रोजी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. २९ डिसेंबरच्या लिबर्टी बाउलमध्ये संघाने इलिनॉयचा २१–१५ असा पराभव करून त्यांना निरोप दिला. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच २६ जानेवारी १९८३ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. टस्कालूसाहून बर्मिंगहॅमच्या एल्मवूड दफनभूमीकडे जाणाऱ्या अंत्ययात्रेच्या मार्गावर हजारो लोक दुतर्फा उभे होते.

अलाबामातील २३२ विजय, ४६ पराभव व ९ अनिर्णित आणि संपूर्ण कारकिर्दीतील ३२३ विजय, ८५ पराभव व १७ अनिर्णित असा त्यांचा हिशेब आहे. ३२३ विजयांचा हा विक्रम ५ ऑक्टोबर १९८५ रोजी एडी रॉबिन्सन यांनी मोडला. लुइझियानातील ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात ते १९४१ पासून प्रशिक्षक होते. ज्या खेळाडूंसाठी अलाबामासारख्या विद्यापीठांची दारे बंद होती, अशाच खेळाडूंच्या बळावर रॉबिन्सन यांनी आपला संघ उभा केला होता. दोन विक्रमांचा हा क्रम त्या काळातील विभाजनाचा अबोल पुरावा आहे.

निष्कर्ष

१. फुटबॉलने ब्रायंट यांना शिक्षणाची संधी दिली, तर ब्रायंट यांनी अलाबामा विद्यापीठाला राष्ट्रीय ओळख दिली. व्यक्ती आणि मातृसंस्था यांचे परस्परांना घडविणे येथे स्पष्ट दिसते. आपल्या माजी खेळाडूंच्या मुलांसाठी त्यांनी सुरू केलेली शिष्यवृत्ती ही या ऋणभावनेची रचनात्मक बाजू होय.

२. मातृसंस्थेवरील निष्ठा ही संस्थेच्या दोषांवरील मौनाचेही रूप घेऊ शकते. वर्णविभक्त संघाच्या बाबतीत ब्रायंट यांनी बदल रोखला नाही, पण तो घडवून आणण्यास पुढाकारही घेतला नाही. बदल अपरिहार्य होताच मात्र त्यांनी तो मनापासून आणि कार्यक्षमतेने राबविला.

३. परिवर्तनाचा आरंभ न्यायालये, केंद्र सरकार आणि मुख्यतः स्वतः कृष्णवर्णीय विद्यार्थी यांनी केला. १९७० च्या सामन्याची आख्यायिका हे श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकते, म्हणून संस्थेचा इतिहास लिहिताना ती कालक्रमावर तपासून घेणे अगत्याचे आहे.

विद्यापीठाच्या मैदानाला १९७५ पासून ब्रायंट यांचे नाव जोडलेले आहे. ज्या फॉस्टर सभागृहाच्या दारात १९६३ मध्ये वॉलेस उभे होते, त्याच्यासमोरील प्रांगणाला २०१० मध्ये मलोन व हूड यांचे नाव देण्यात आले आणि तेथील घड्याळाचा मनोरा ऑथरिन ल्यूसी यांच्या नावाने उभारला गेला. एकाच परिसरातील या दोन स्मारकांचा इतिहास वेगवेगळा वाचता येत नाही. माजी विद्यार्थ्याचा गौरव करताना, त्याच काळात ज्यांना विद्यार्थीही होऊ दिले गेले नाही त्यांची नोंद त्याच पानावर घेणे, हे प्रत्येक संस्थेच्या इतिहासलेखनाचे कर्तव्य ठरते.